औषध कारखान्यातील नोकरी: सोलापूरकरांनी कोणती घ्यावी, कोणती सोडावी

रसायनशास्त्रात बी.एस्सी., बी. फार्म. किंवा आयटीआयचा केमिकल प्लांट ऑपरेटरचा अभ्यासक्रम पूर्ण करून सोलापुरात नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींपुढे औषधनिर्मितीचा पर्याय हमखास येतो, पण त्याबद्दल त्यांच्या कानावर पडणारी माहिती बहुधा दोन टोकांची असते. कोणी सांगतो की एसीतले काम आहे, कंपनीची बस आहे, जेवण आहे, डोळे झाकून रुजू व्हा. दुसरा सांगतो की केमिकलमध्ये तब्येतीची वाट लागते, त्या फंदात पडू नका. मी गोळ्या बनवणाऱ्या आणि बल्क, म्हणजे औषधाची मूळ भुकटी, बनवणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या कारखान्यांत उत्पादन विभागात काम केले आहे. त्यामुळे एखाद्या सेवेचे परीक्षण करावे त्याच पद्धतीने या नोकरीचे परीक्षण येथे मांडत आहे. ज्या कारखान्यात वाईट अनुभव आला त्याचे नाव मी देत नाही, आणि या लेखात नाव आलेल्या कोणत्याही कंपनीशी त्या अनुभवाचा संबंध नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो: या क्षेत्रातील नोकरी चांगली की वाईट, हे पगारावरून किंवा इमारतीच्या काचांवरून कळत नाही, प्रत्यक्ष जे घडले ते जसेच्या तसे लिहू देतात की नाही, यावरून ते कळते.

सोलापूरला कारखान्यातील पाळी नवी नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या भोंग्यावर शहराचा दिवस कित्येक दशके चालला आणि त्या बंद पडल्यावर चादर-टॉवेलचे यंत्रमाग व विडी यांनी असंख्य घरे तगवली. रसायने आणि औषधे यांचा उद्योग त्या मानाने अलीकडचा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या बालाजी अमाइन्स या कंपनीमुळे अमाइन्स या रसायनांच्या क्षेत्रात सोलापूरचे नाव देशभर पोचले, आणि पुणे रस्त्यावरील चिंचोळी औद्योगिक वसाहतीत रसायनांचे व बल्क ड्रगचे कारखाने उभे राहिले. मधुमेहावरील मेटफॉर्मिनचे उदाहरण घेतले तर हे औषध डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड आणि डायसायनडायअमाइड यांच्या अभिक्रियेतून तयार होते. म्हणजे अमाइन बनवणारा कारखाना, त्यापासून मेटफॉर्मिनची पांढरी भुकटी बनवणारा कारखाना आणि त्या भुकटीची गोळी पाडणारा कारखाना अशी साखळी असते. नोकरी शोधणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की आपण या साखळीच्या कोणत्या कडीत शिरत आहोत. भुकटी बनवणाऱ्याला आमच्याकडे बल्क किंवा एपीआय म्हणतात आणि गोळी, कॅप्सूल, सिरप, इंजेक्शन बनवणाऱ्याला फॉर्म्युलेशन म्हणतात. दोन्हीकडच्या नेमणूकपत्रावर ‘प्रॉडक्शन’ असेच लिहिलेले असले तरी दोन्हीकडचा दिवस अगदी वेगळा असतो.

फॉर्म्युलेशनपासून सुरुवात करतो, कारण सोलापूरची बरीच मुले हैदराबाद, पुणे, औरंगाबाद, गोवा, वापी या बाजूला जाऊन याच कामाला लागतात. येथे उत्पादनाच्या जागेत शिरण्याआधी कपडे बदलण्याच्या दोन खोल्या पार कराव्या लागतात. पहिल्या खोलीत बाहेरची चप्पल, मोबाइल, घड्याळ, अंगठी, गळ्यातील साखळी काढून ठेवायची. मधल्या बाकावर बसून बाहेरचा पाय आतल्या बाजूच्या जमिनीला न लावता पलीकडे वळायचे. हात धुऊन निर्जंतुक करायचे आणि मग दुसऱ्या खोलीत डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख, टोपी, मास्क आणि हातमोजे चढवायचे. स्त्रियांना टिकली, बांगड्या, मंगळसूत्र, नखांचा रंग यांपैकी काहीही आत नेता येत नाही. काही घरांत या गोष्टीवरून सुरुवातीला कुरबुर होते, म्हणून मुलाखतीआधीच घरी सांगून ठेवलेले बरे. आत गेल्यावर पाणी पिण्यासाठी बाहेर यायचे म्हटले तरी हा सगळा क्रम उलटा करावा लागतो, त्यामुळे माणसे पाणी पिणेच टाळतात. तरुण वयात त्याचे काही वाटत नाही, पण मूतखड्याचा त्रास असणाऱ्याने या गोष्टीचा आधीच विचार करावा.

आतली हवा मात्र खरोखर उत्तम असते. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असताना गोळ्यांच्या विभागात तापमान २५ अंशांच्या आसपास राखलेले असते, आर्द्रता ठरलेल्या मर्यादेत असते आणि एका खोलीतील धूळ दुसरीत जाऊ नये म्हणून खोल्याखोल्यांमधील हवेच्या दाबाचा फरक पास्कलमध्ये मोजून लिहिला जातो. ही सोय अर्थातच औषधासाठी असते, माणसाला तिचा आयता लाभ मिळतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली उन्हाळा काढणाऱ्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

काम कसे चालते ते कॉम्प्रेशनच्या, म्हणजे भुकटी दाबून गोळी पाडण्याच्या, एका खोलीवरून सांगता येईल. बॅच सुरू करण्यापूर्वी लाइन क्लिअरन्स घ्यावा लागतो, म्हणजे आधीच्या औषधाची एकही गोळी, एकही लेबल, चिमूटभर भुकटीसुद्धा खोलीत, यंत्रात, कचऱ्याच्या डब्यात किंवा वजनकाट्याच्या खाली उरलेली नाही, याची आधी उत्पादन विभागाने आणि मग क्यूएच्या (गुणवत्ता हमी विभागाच्या) माणसाने खात्री करायची आणि दोघांनी सह्या करायच्या. यंत्र चालू झाले की ठरावीक वेळाने गोळ्या काढून त्यांचे वजन, जाडी आणि कठीणपणा मोजायचा. अडीचशे मिलिग्रॅम आणि त्याहून जड गोळीच्या वजनात भारतीय औषधकोशाप्रमाणे सरासरीपासून ५ टक्क्यांपर्यंतचाच फरक मान्य असतो आणि वीस गोळ्यांपैकी दोनपेक्षा जास्त गोळ्या त्या मर्यादेबाहेर गेलेल्या चालत नाहीत. फ्रायेबिलिटीच्या ड्रममध्ये गोळ्या १०० वेळा फिरवून त्यांची किती भुकटी झाली ते पाहायचे, आणि ते प्रमाण १ टक्क्याच्या आत हवे. वेष्टन नसलेली साधी गोळी पाण्यात १५ मिनिटांच्या आत फुटून सुटी व्हायला हवी. मेटल डिटेक्टर तर बॅचच्या सुरुवातीला आणि शेवटी लोखंड, बिगर-लोखंडी धातू व स्टेनलेस स्टील यांचे ठरावीक तुकडे टाकून तपासायचा असतो, कारण डिटेक्टर बंद असेल तर त्यातून गेलेल्या सगळ्या गोळ्या संशयास्पद ठरतात. हे सगळे आठ तास उभ्याने आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात करायचे. कानांत प्लग घालण्याचा कंटाळा करणारी मंडळी दहा-बारा वर्षांनी मोठ्याने बोलायला लागतात, हे मी जवळून पाहिले आहे.

या कामात कंटाळा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. एकच औषध, एकच यंत्र, त्याच तपासण्या महिनोन्महिने चालतात, आणि ज्याला रोज काहीतरी नवे हवे असते त्याने येथे येऊ नये. पण एकदा हात बसला की यंत्राचा आवाज बदलल्यावरून पंच (भुकटी दाबणारा दांडा) घासतो आहे की भुकटी नीट उतरत नाही, हे जाणकार ऑपरेटरला कळते. मी ज्या ऑपरेटरांकडून शिकलो त्यांतील काहीजण दहावीच्या पुढे गेलेले नव्हते, आणि तरीही गोळीचा वरचा पापुद्रा का सुटतो याचे उत्तर त्यांच्याइतके नेमके देणारा पदवीधर मला क्वचितच भेटला. अशा माणसांच्या हाताखाली पहिली दोन वर्षे काढायला मिळणे हा या नोकरीचा फार मोठा फायदा आहे, आणि जाहिरातीत तो कधीच लिहिलेला नसतो.

आता नोंदींकडे येतो, कारण माझ्या लेखी संपूर्ण परीक्षणाचा कणा हाच आहे. प्रत्येक बॅचसोबत बीएमआर नावाचे दप्तर फिरते. कोणता कच्चा माल किती वाजता कोणी तोलला, कोणी तपासला, मिश्रण किती मिनिटे फिरवले, ड्रायरचे तापमान किती होते, मध्ये वीज गेली का, गेली असल्यास काय केले, हे सर्व त्यात घडत असतानाच लिहायचे असते. खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही. चूक झाली तर एक रेघ मारून, मूळ आकडा वाचता येईल असा ठेवून, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख टाकायची. नव्या मुलांना हा कागदी छळ वाटतो आणि पहिले सहा महिने तो तसा असतोही. पण रुग्णाला गोळीत काय आहे ते पाहता येत नाही, तिच्या पाकिटामागील बॅच क्रमांकावरून हेच दप्तर उघडले जाते, आणि दप्तर खोटे असेल तर पुढचा सगळा शोध खुंटतो.

महाराष्ट्राला याची आठवण करून देण्याची गरज नसावी. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेले निघाले आणि १४ रुग्णांचा बळी गेला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. आज ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरणाऱ्या कारखान्यात क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणी विभागाच्या) केमिस्टला प्रत्येक खेपेत या विषाचे प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नाही, हे तपासावे लागते. ती चाचणी न करता ‘पास’ लिहिणे हा काही मिनिटांचा वेळ वाचवण्याचा मार्ग आहे, आणि लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधांमुळे अलीकडच्या वर्षांत देशात आणि देशाबाहेर जे मृत्यू झाले त्यांच्या मुळाशीही हेच रसायन होते. म्हणून प्रयोगशाळेतील नोकरीला ‘बसून करायचे काम’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

माझी तक्रार या जागी आहे. एका कारखान्यात मला पाळी संपताना, न घेतलेल्या तापमानाच्या नोंदी ‘सरळ’ लिहून टाकायला सांगण्यात आले. वरिष्ठांचे म्हणणे असे होते की ड्रायर चालूच होता, बिघाड काही नव्हता, रकाने रिकामे ठेवले तर ऑडिटमध्ये प्रश्न निघेल. त्या औषधाचे बहुधा काही बिघडलेही नसेल, पण त्या कारखान्यात डीव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळे काही घडल्याची नोंद, लिहिणाऱ्या माणसाकडे काम न करणारा माणूस म्हणून पाहिले जाई, त्याची पगारवाढ अडवली जाई, आणि हळूहळू कोणीच डीव्हिएशन लिहीनासे झाले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे की येथे काही चुकतच नाही. तपासनीस असे दप्तर पाहिले की उलट अधिक खोलात शिरतात, कारण वर्षभर एकही आकडा न हलणारा कारखाना जगात नसतो. सही आपली असते, आणि चौकशीच्या वेळी ‘मला साहेबांनी सांगितले होते’ हे वाक्य कोणाला वाचवत नाही. मी ती नोकरी सोडली आणि पुढच्या ठिकाणी माझ्याच हातून वेळेवर न घेतलेल्या नमुन्याची नोंद केली, तेव्हा क्यूएच्या मॅडमनी शांतपणे कारण विचारले, वेळापत्रकात दोन कामे एकाच मिनिटाला लावलेली होती हे शोधून काढले आणि वेळापत्रकच बदलले. पगारात फारसा फरक नव्हता, पण दोन्ही ठिकाणच्या झोपेत फरक होता.

बल्कचे जग याहून खडतर आहे. येथे रिअॅक्टर (अभिक्रियेची मोठी भांडी), सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून मालातील द्रव वेगळा करणारे यंत्र), फिल्टर आणि ड्रायर असतात, आणि मिथेनॉल, टोल्यूइन, अॅसिटोन यांसारखी सॉल्व्हंट्स (विद्रावक द्रव) ड्रमांनी आणि टँकरांनी वापरली जातात. शेवटची भुकटी सुकवण्याचा, दळण्याचा आणि पॅक करण्याचा भाग स्वच्छ खोलीत असतो. त्याआधीचे बरेचसे काम उघड्या मजल्यांवर, पायऱ्या चढत-उतरत, वाफेच्या पाइपांशेजारी होते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ते अंगावर येते. सेंट्रिफ्यूजमधून ओला माल फावड्याने काढणारा हेल्पर सॉल्व्हंटच्या वाफेत सर्वाधिक असतो, आणि सर्वांत कमी पगारही बहुधा त्यालाच असतो. योग्य कार्ट्रिजचा (वाफ अडवणाऱ्या गाळणीचा) मास्क, हातमोजे आणि वाफ खाली ओढून घेणारी हवेची सोय या तीन गोष्टी असतील तर हे काम करता येते. साधा कापडी मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही, आणि तो देऊन काम करून घेणाऱ्या ठिकाणी एक दिवसही थांबू नये.

धोक्याविषयी मोघम बोलून चालणार नाही, म्हणून दोन गोष्टी तपशिलाने सांगतो. पहिली गोष्ट स्थिर विजेची. कोरडी भुकटी रिअॅक्टरच्या तोंडातून (मॅनहोलमधून) टोल्यूइनमध्ये ओतताना किंवा सॉल्व्हंट वेगाने पाइपातून वाहताना विद्युतभार साठतो आणि एका ठिणगीने वाफ पेटू शकते. म्हणून ड्रमला, पंपाला आणि रिअॅक्टरला अर्थिंगचा चिमटा लावायचा आणि आत नायट्रोजन भरून ऑक्सिजन कमी करायचा. दुसरी गोष्ट त्याच नायट्रोजनची. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि १९.५ टक्क्यांच्या खाली गेलेली जागा माणसासाठी असुरक्षित मानतात. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, त्यामुळे रिकामा दिसणारा रिअॅक्टर साफ करायला उतरलेला माणूस काही सावध व्हायच्या आत कोसळतो, आणि त्याला वाचवायला घाईने उतरणारा दुसराही त्याच्याशेजारी पडतो. म्हणून ऑक्सिजन मोजल्याशिवाय, वर्क परमिटवर सह्या झाल्याशिवाय, कमरेला दोर आणि तोंडाशी उभा राहणारा जोडीदार असल्याशिवाय भांड्यात उतरायचे नाही. ‘पाच मिनिटांचे काम आहे, उतर’ असे सांगणाऱ्याला नकार देण्याचा हक्क कामगाराला आहे, आणि तो बजावणाऱ्याला शाबासकी मिळते की मेमो, यावरून कारखान्याची पारख होते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशातील अच्युतापुरमच्या औषध कारखान्यात सॉल्व्हंटच्या वाफेचा स्फोट होऊन १७ जणांचा जीव गेला. ३० जून २०२५ रोजी तेलंगणातील पाशमैलारम येथे, गोळ्यांमध्ये वापरली जाणारी सेल्युलोजची भुकटी बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. पाशमैलारम आपल्याच सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. सेल्युलोज हे विषारी रसायन नव्हे, रोजच्या गोळीत ते असतेच. पण हवेत पसरलेली कोरडी सेंद्रिय भुकटी स्फोटक ठरू शकते, ही गोष्ट ड्रायरवर काम करणाऱ्या प्रत्येकाला शिकवायला हवी. ती शिकवली जाते का, हे मुलाखतीत विचारायला मुळीच संकोच करू नये.

आणखी एक मुद्दा थोडक्यात सांगतो. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटांतील प्रतिजैविके, कर्करोगावरची औषधे आणि संप्रेरके यांच्यासाठी स्वतंत्र विभाग असतात. पेनिसिलिनची अॅलर्जी असणाऱ्याने त्या विभागाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, आणि मूल होण्याचा विचार करत असलेल्या स्त्री-पुरुषांनी संप्रेरकांच्या वा कर्करोगाच्या औषधांच्या विभागातील नेमणूक स्वीकारण्यापूर्वी तेथील संरक्षक साधने स्वतः पाहून घ्यावीत.

पगाराची बाजू मी फार ताणणार नाही. नव्या केमिस्टचा सुरुवातीचा पगार मध्यमच असतो. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून तो हातातोंडाशी गाठ घालतो, तर चिंचोळीला नोकरी मिळून घरी राहता आले तर त्याच पगारात चार पैसे गाठीला राहतात. शहरातून सुटणारी कंपनीची बस, कँटीन, भविष्य निर्वाह निधी आणि ठरावीक तारखेला होणारा पगार या गोष्टी चांगल्या कारखान्यात असतात, आणि सोलापूरच्या रोजगाराची स्थिती पाहता त्यांना कमी लेखू नये. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ईएसआयचे (राज्य कामगार विम्याचे) वैद्यकीय संरक्षण मिळते. जादा वेळेला कायद्याने दुप्पट दर आहे, परंतु ‘ऑफिसर’ असे पदनाम देऊन चार-चार तास जादा थांबवून घेण्याची आणि त्याबद्दल काहीच न देण्याची पद्धत या क्षेत्रात सर्रास आहे. रात्रपाळीला रिलिव्हर आला नाही तर बॅच सोडून निघता येत नाही, आणि तेव्हा आठचे सोळा तास होतात. सणासुदीलाही यातून सुटका नसते. गड्ड्याच्या यात्रेत घरचे सगळे निघाले असताना आपली बॅच सुकत असते, हे दरवर्षी कोणाच्या तरी वाट्याला येते.

कंत्राटी नेमणूक हा या क्षेत्राचा सर्वांत दुखरा भाग आहे. एकाच यंत्रावर, एकाच पोशाखात शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एक कंपनीच्या मस्टरवर आणि दुसरा ठेकेदाराच्या मस्टरवर असतो. काम सारखे, धोका सारखा, पण प्रशिक्षणात, रजेत, पगारात आणि अपघातानंतरच्या विचारपुशीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हेल्पर म्हणून वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाकडे ऑपरेटरचे सगळे कसब असते, पण त्याचा एकही कागद नसतो, कारण दप्तरावर सही दुसऱ्याची असते. हे अन्यायाचे आहे, आणि औषधाच्या दर्जासाठीही घातक आहे, कारण प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे नाव दप्तरात नसेल तर ते दप्तरच अर्धवट असते.

याउलट पदवीधराला मिळणारा एक लाभ फारच मोलाचा आहे. औषधविषयक नियमांनुसार उत्पादन सक्षम तांत्रिक कर्मचाऱ्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच व्हावे लागते. त्यासाठी बी. फार्म. झालेल्याला उत्पादनाचा किमान १८ महिन्यांचा आणि रसायनशास्त्राच्या बी.एस्सी. पदवीधराला पदवीनंतर किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. हा अनुभव दाखवून अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली की माणसाची बाजारातील किंमत बदलते, कारण मान्यताप्राप्त केमिस्टशिवाय कारखान्याचा परवानाच टिकत नाही. मात्र हा अनुभव कागदावर सिद्ध करता आला पाहिजे. ट्रेनी म्हणून ठेकेदाराकडे काढलेले वर्ष पुढे मोजले जात नाही असे अनेकांना फार उशिरा कळते, तेव्हा नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि विभागाचे नाव लिहिलेले अनुभवपत्र हे तिन्ही कागद पहिल्या दिवसापासून जपावेत.

शेड्यूल एम म्हणजे उत्पादनाच्या चांगल्या पद्धतींची जी सरकारी नियमावली आहे, ती डिसेंबर २०२३ च्या अखेरीस नव्या रूपात अधिसूचित झाली. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असणाऱ्या कारखान्यांना सहा महिन्यांची आणि इतरांना वर्षाची मुदत होती; लहान-मध्यम कारखान्यांसाठी ती पुढे अटींवर २०२५ अखेरपर्यंत वाढवण्यात आली. गुणवत्ता व्यवस्था, जोखमीचे मूल्यमापन, बाजारातून माल परत बोलावण्याची पद्धत या गोष्टी आता छोट्या कारखान्यांनाही टाळता येत नाहीत, आणि त्या जाणणाऱ्या माणसांना मागणी आहे. क्यूए विभागात शिरण्याची ही चांगली वेळ आहे. फक्त इतकेच सुचवतो की आधी दोन वर्षे उत्पादनात घालवावीत, कारण यंत्राला कधी हात न लावलेला क्यूएचा माणूस तोंडदेखल्या प्रश्नांच्या पुढे जात नाही.

मुलींविषयी मला नेहमी विचारले जाते. क्यूसी, क्यूए, मायक्रोबायॉलॉजी आणि पॅकिंग या विभागांत मुलींची संख्या चांगली असते, आणि प्रयोगशाळेतील नेटकेपणात मी पाहिलेल्या उत्तम केमिस्ट बहुतेक मुलीच होत्या. उत्पादनात मात्र त्यांना आजही सहज घेत नाहीत आणि कारण रात्रपाळीचे सांगितले जाते. घरापर्यंत सोडणारी बस आणि पाळीत एकापेक्षा जास्त स्त्रिया असतील तर ते कारण उरत नाही. उत्पादनाचा अनुभव नाही म्हणून पुढे बढती नाही, असे हे चक्र आहे आणि ते मोडण्याची जबाबदारी कारखान्यांची आहे.

तेव्हा माझी शिफारस अशी. कंपनीच्या मस्टरवर, फॉर्म्युलेशनच्या कारखान्यात किंवा सुरक्षेची शिस्त असलेल्या बल्कमध्ये, उत्पादन अथवा क्यूसी विभागात जागा मिळत असेल तर सोलापूरच्या पदवीधराने ती घ्यावी आणि किमान तीन वर्षे टिकून राहावे. आयटीआय झालेल्यासाठीही ती चांगली आहे, पण ऑपरेटर म्हणून नाव दप्तरावर येणार असेल तरच. कंत्राटी हेल्पर म्हणून सेंट्रिफ्यूजवर जाण्याची शिफारस मी कोणालाही करणार नाही. घरची निकड असेल तर जाणाऱ्याने निदान मास्कचे कार्ट्रिज कधी बदलले जाते, हे पहिल्याच दिवशी विचारावे.

मुलाखतीला गेल्यावर कारखाना दाखवण्याची विनंती करावी. आतल्या स्वच्छ भागात नेणार नाहीत, पण आवार, कँटीन आणि कपडे बदलण्याची जागा दाखवायला हरकत नसते. आपत्कालीन फवारा आणि डोळे धुण्याचे नळ चालू आहेत का, कंत्राटी कामगारांना लॉकर आणि अंघोळीची सोय आहे का, बाहेर जाण्याच्या दारापुढे ड्रम रचलेले आहेत का, हे जाता-येता दिसते. मग समोर बसलेल्या साहेबांना विचारावे की गेल्या वर्षी तुमच्या विभागात किती डीव्हिएशन नोंदले गेले. आकडा सांगून एखाद्याची गोष्टही सांगणारे साहेब असतील तर तेथे रुजू व्हायला हरकत नाही. ‘आमच्याकडे डीव्हिएशन होतच नाहीत’ असे उत्तर आले तर परतीची बस धरावी.